डावऱ्याचं मेज

नर्मदेच्या सगळ्या संसारात गुणाजी मेस्त्रीने तिच्या अंगाला मापाची दोरी लावली ती एकदाच. मसुऱ्यातल्या कितीतरी घरांच्या चौकटी, देव्हारे, पाळणे त्या दोरीखालून गेले होते. पण बायकोला भिंतीला टेकून ताठ उभं करायचं आणि तिच्या डोक्यावर खडूची रेघ ओढायची, असलं काही हा माणूस करील असं कुणी म्हटलं असतं तर तिलाच हसू आलं असतं. ते झालं बाबलीपायी. बाबली त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तेव्हा तो घर सोडून मुंबईला गेलेला होता.

गुणाजी मुलखाचा अबोल. घराला लागूनच त्याच्या कामाचा मांगर, म्हणजे शाकारलेली खोप होती. वर नळ्यांची कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. त्यात तो मांडी घालून बसायचा, लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि रंधा ओढत राहायचा. पटाश्या, करवती, गुण्या, कानशी सगळं भोवताली जमिनीवर पसरलेलं. झाडायला गेलेल्या नर्मदेच्या पायाला दर दोन दिवसांनी कशाची ना कशाची धार लागायची.

"तुमच्या हत्यारांका घर नाय," ती करवादायची.

"माझ्या भोवतीनच रवतत ती. खंय जातत?" तो मान वर न करता म्हणायचा.

घर नसलं तरी त्या हत्यारांना मान मात्र होता. दसऱ्याला ती धुऊनपुसून पाटावर मांडली जात. गुणाजी हळदकुंकू वाहायचा आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचा. एरवी दिवसाकाठी चार वाक्यं न बोलणारा माणूस देवापुढे मात्र लांबलचक बोलायचा, आणि घरातल्यांनी प्रत्येक मागणीला "होय म्हाराजा" म्हणायचं. त्याच्या बापाने त्याला एक नेम घालून दिला होता: देवापुढे पुजलेल्या हत्याराला डावा हात लावायचा नाही.

आणि बाबली निघाला डावरा.

रांगता असल्यापासून खेळणं डाव्या हातात, घास डाव्या हातात. घास नर्मदेने गोडीगुलाबीने उजव्या हातात आणला. हत्याराची गोष्ट वेगळी. पोराने डाव्या हाताने मोगरी उचलली की गुणाजी ती काढून घ्यायचा आणि उजव्या हातात द्यायचा. पुढे पुढे तो पंच्याचं फडकं घेऊन त्याचा डावा हात कमरेशी बांधून ठेवायला लागला. रागाने नव्हे. रंध्याची पाती लावावी तितक्या शांतपणे बांधायचा.

"सोडा ओ तेचो हात," नर्मदा म्हणायची. "पोराचो खांदो भरान येता."

"डावऱ्या मेस्त्र्याक देवाची पालखी कोण सांगतलो?"

"पालखी काय रोज होता?"

"होता तेवा होता," गुणाजी म्हणायचा, आणि तिथे बोलणं संपायचं.

बाबलीने कधी फडकं सोडलं नाही. बापाजवळ बसून तो उजव्या हाताने शिकला, मोठा झाला, मिसरूड फुटलं, पण त्याच्या कामाला काही सफाई येईना. करवत रेघेवरून घसरायची. खाच सैल पडायची. कसालला एका घराचं काम होतं. त्या घराचं दार बाबलीने केलं आणि ते चौकटीत बसेना. वरून बसलं तर खालून उघडं राही. घरधनी, त्याची माणसं, सगळी बघत उभी होती. गुणाजीने दार उतरवलं, मुलाकडे न बघता म्हणाला, "तुझ्यान मेस्त्रीकाम होवचां नाय. ह्या हातान चुलीक लाकडां फोड."

घरी येऊन बाबलीने कपडे पिशवीत भरले, मालवणहून बोट धरायची म्हणून निघाला आणि उंबऱ्यावर वाकून म्हणाला, "येतंय, आये. येतंय, बाबा."

आमच्याकडे जाताना "जातो" कुणी म्हणत नाही. विहिरीवर निघालेलं माणूसही "येतंय" म्हणूनच पायरी उतरतं. गुणाजी मांगरात पटाशीला धार लावत होता. त्याचा दगड थांबला नाही. पण त्या "येतंय"ला तो पुढची वर्षं धरून राहिला, हे फक्त नर्मदेला ठाऊक होतं. कुणी विचारलं, मुलगा गेला वाटतं, की गुणाजी म्हणायचा, "येतंय म्हणान गेलो हा तो."

मुलगा गेल्यावर मांगर तसाच राहिला, फक्त बाबली बसायचा त्या बाजूची जमीन पसाऱ्याविना रिकामी झाली. त्या बाजूला गुणाजी हत्यारं पसरेना.

एके सकाळी नर्मदा आडाळीपुढे, खवणीच्या विळीपुढे, पाटावर बसून नारळ खवत होती. गुणाजी पाणी प्यायला आत आला. ती उठली तेव्हा पाय लागून पाट उलटा पडला, तो सरळ करायला गुणाजी वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग खाली बसून त्याने पाट मांडीवर घेतला. फणसाच्या लाकडाचा पाट; खालच्या दोन्ही पट्ट्या खाचेत सरकवून बसवलेल्या, खिळा एकही नाही. त्याने सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. मग पाट उजेडाकडे तिरपा धरून खाचेतले पटाशीचे घाव बघितले. घाव सगळे डावीकडून आलेले होते.

"ह्यो कधी केल्यान?"

नर्मदेने हातातली करवंटी खाली ठेवली. "तुमी रेडीक बंदरावरच्या कामाक गेलेलात, तेवा."

"डाव्या हातान?"

"डाव्या हातान."

"माका सांगलंस नाय."

"तुमी इचारलात खंय?"

गुणाजीने पुन्हा एकदा तो सांधा चाचपला. असला सांधा त्याला स्वतःलाही चांगल्या दिवशीच साधायचा. शेवटी त्याने पाट तिच्यापुढे ठेवला, अगदी सावकाश, पाटावर कुणी निजलेलं असावं तसा.

त्या उन्हाळ्यात शेजारचा शिवा मुंबईहून रजेवर आला. तो बाबलीची बातमी घेऊन आला होता. बाबली लाकूडकामाच्या एका कारखान्यात होता, बरा होता, अंगाने भरला होता.

"थंय खाली बसान कोण काम करणत नाय, काका," शिवा सांगत होता. "उंच मेज आसता. सगळे उभ्यान करतत. हत्यारां मेजाच्या पोटात. हात घातलो की गावली."

गुणाजी ऐकत होता. शिवा गेल्यावर तो नर्मदेला म्हणाला, "मेज करूक होया तेका."

"कोणाक?"

"येतलो तेवा लागतलां मा," तो म्हणाला.

मेजाला जाड, न वाकणारी फळी हवी. ती दिली सिराजभाईने. सिराजभाईचा मचवा खाडीतून बंदरापर्यंत माल न्यायचा आणि त्याची डागडुजी वर्षानुवर्षं गुणाजीकडे होती. जुना मचवा त्या साली मोडीत निघाला होता. काठावर उपड्या पडलेल्या सागवानी फळ्यांतली सगळ्यात रुंद फळी गुणाजीने थोपटून बघितली.

"न्हेवा, मेस्तरानू," सिराजभाई म्हणाला. "हिणा माझ्या बापाक कधी बुडूक दिल्यान नाय. तुमच्या झिलाच्या मेजाक काय धाड भरतली?"

फळी आली, पण उंची किती धरायची? उभ्याने काम करायचं मेज कमरेच्या वर कोपराच्या खाली हवं, आणि ज्याचं कोपर तो तर मुंबईला. तेव्हा गुणाजी दोरी घेऊन स्वयंपाकघरात आला.

"तू तेच्या खांद्यापर्यंत येय होतंस मा?"

"येय होतंय."

"हय उभी रव. भिंतीक टेकान."

ती राहिली. त्याने डोक्यावरचा पदर बाजूला केला, हात आडवा धरला, रेघ मारली.

"हालू नको."

"मी काय लाकूड आसंय?"

"लाकूड हालणा नाय," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

मग खांद्यापासून कोपरापर्यंत माप घ्यायला तो वाकला. बाईचा हात तो आखूड, तेव्हा बोटभर जास्त धरू म्हणाला. नर्मदेने गमतीने विचारलं, "खयचो हात देव? डावो की उजवो?"

दोरी तशीच धरून तो म्हणाला, "डावो."

तिने डावा हात पुढे केला. माप घेऊन झालं तरी तो लगेच सोडला नाही.

मेज करायला त्याने पावसाळा घालवला. इतर कामं पुढे ढकलली. फळीतली खिळ्यांची भोकं एकेक करून लाकडाच्या गोल खुंट्यांनी बुजवली. उजव्या हाताने काम करणारा लाकूड मेजावर ठेवून रंधा डावीकडे नेतो, म्हणून त्याला अडवणारा ठोकळा आणि दाबून धरणारा शिकंजा डाव्या टोकाला असतो. गुणाजीने दोन्ही उजव्या टोकाला बसवले. शिकंज्याचे आटे खैराच्या लाकडात कापले. पोटातले खण सगळे डाव्या अंगाला: पटाश्यांना उतरत्या रांगेत खाचा, रंध्यांना अंगाबरोबर कप्पे, कानशींना अरुंद खण, खिळ्यांना कप्प्यांचा लहान खण. करवती डाव्या बाजूला आतून टांगलेल्या, मूठ हाताकडे. आणि डाव्या हाताने काम करायचं तर उजेड उजवीकडून हवा, नाहीतर हाताचीच सावली रेघेवर पडते. म्हणून पाऊस उघडल्यावर त्याने मांगराची खाडीकडची भिंत फोडून तिथे खिडकी काढली. जन्मभर मांडी घालून बसलेला माणूस त्या मेजापुढे उभा राहून हवेत डावा हात चालवून बघायचा. जमायचं नाही तेव्हा नर्मदेला हाक मारायचा.

"डाव्या हातान ह्यो खण उघड बगया."

ती उघडायची. "अडाकता."

तो खण काढून पुन्हा तासायला बसायचा.

तिठ्यावर चहाचं दुकान चालवणारा बाबू मेज बघायला आला. एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने आला, डोकं खाजवलं.

"मेस्तरानू, आरशात बगान केलात काय ह्यां?"

गुणाजी शिकंज्याचे आटे पुसत राहिला. नर्मदाच दारातून म्हणाली, "ज्येच्यासाठी केल्यानी तेका सरळ दिसतलां, बाबू. तू आपलो चाय उकळ."

दसऱ्याला हत्यारं त्या वर्षी पाटावर मांडली नाहीत. मेजाच्या खणांत ज्याच्या त्याच्या जागी ठेवली आणि खण उघडे ठेवून पुजली. गुणाजीने हात जोडले. नर्मदा त्याच्या मागे एकटीच उभी होती.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "आजपर्यंत ह्या घराण्यान हत्यारांका डावो हात लावूक दिलो नाय, ती आमची समजूत होती रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," नर्मदा म्हणाली.

"तर ह्या हत्यारांका आता माझ्या झिलाचो डावो हात लागतलो. तुया दिलेलो हात, तो तुयाच गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि जा काय माझ्या हातान चुकला आसात," इथे तो अडला. गाऱ्हाणं घालताना तो असा कधीच अडला नव्हता. "ता सांभाळून घे. आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," तिने म्हटलं, आणि पदर तोंडाला लावला.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घ्यायचा, मग ती ठरते, आणि ठरली की मुंबईपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्या वर्षी तारीख कळताच गुणाजीने मुंबईला निघालेल्या एका गाववाल्याबरोबर निरोप दिला: बाबलीला म्हणावं, देवीला ये. मेजाचं काही सांगायचं नाही, असं त्याने बजावलं.

बाबली आला. अंगात पँट, शर्ट, खांदे रुंद झालेले. दारातून वाकून आत येऊन जवळ उभा राहिला तेव्हा नर्मदेला दिसलं, की तिचं डोकं अजून त्याच्या खांद्याशीच येत होतं; माप बरोबर आलं होतं. त्याच्या हातात ट्रंक होती आणि खांद्याला किंतानाची जड पिशवी. ती खाली ठेवताना आतून लोखंडाचा आवाज आला. जत्रेला येणारा माणूस हत्यारं घेऊन येत नाही, तिने मनाशी म्हटलं, आणि चुलीकडे वळून डोळे पुसले.

देवीचं दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गुणाजी म्हणाला, "चल. दाखयतंय तुका."

मांगराचं दार त्याने उघडलं आणि तो स्वतः बाजूला झाला. नव्या खिडकीतून ऊन थेट मेजावर पडलं होतं. बाबली बघत राहिला. त्याने शिकंज्यावर हात ठेवला, ठोकळ्यावर ठेवला, मग मागे सरून सगळं एकदम बघितलं. त्याला काय बघतो आहे ते कळायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडत गेलेला नर्मदेने दारातून पाहिला.

"उघडून बघ," गुणाजी म्हणाला.

बाबलीने खण उघडायला हात पुढे केला. उजवा. तो हात अंगावरून आडवा जाऊन डावीकडच्या खणाशी पोचला, आणि त्याचा खांदा अवघडला.

गुणाजीने ते पाहिलं. पण म्हणाला एवढंच, "रंधो घे. फळयेर मारून बघ."

बाबलीने रंधा उजव्या हातात धरला. फळी ठेवली, तर ठोकळा भलत्याच टोकाला. त्याने रंधा डाव्या हातात घेतला. मारला. पातं लाकडावरून नुसतंच घसरलं. पुन्हा मारला, तेव्हा ते लाकडात खुपून बसलं आणि फळीचा टवका निघाला. तिसऱ्यांदा त्याने मारलाच नाही.

"बाबा, कारखान्यात सगळी यंत्रां उजव्या हाताची आसत," तो म्हणाला. "डाव्यान काम केल्यार बोटां जातत. पयल्यांदा लय जड गेला. आता उजवोच चलता. बरो चलता." रंधा त्याने त्याच्या कप्प्यात नीट ठेवला. "ह्यो हात नाय रवलो आता."

"सवय आसता ती. येतली परत."

"तुमीच सोडवलात मा, बाबा."

तो टोचून बोलला नव्हता. लहानपणी शिकवलेला पाढा म्हणून दाखवावा तसा बोलला होता. गुणाजीने मान हलवली, होय म्हटल्यासारखी, आणि टवका उडालेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

पुढचे काही दिवस बाबली रोज मांगरात जायचा. डाव्या हाताने करवत धरायचा, पटाशी धरायची खटपट करायचा. गुणाजी लाकडाचं दुसरं टोक धरून उभा राहायचा, आणि काही वाकडं गेलं की घाईने म्हणायचा, "बरां झालां, बरां झालां." आयुष्यात कधी वाकड्या कामाला त्याने बरं म्हटलं नव्हतं. बाबली घामाघूम व्हायचा. एकदा तर तो म्हणाला, "बाबा, मी शिकंजो, ठोकळो त्या बाजूक न्हेतंय. अर्ध्या दिसाचा काम. मग तुमका होईत, माका होईत."

"हात लावू नको तेका," गुणाजी म्हणाला, आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकून बाहेर निघून गेला.

विहिरीवर नर्मदेने मुलाला विचारलं, "हत्यारां कित्याक हाडलंस रे?"

तो दोर ओढत राहिला. घागर काठावर आल्यावर म्हणाला, "रवाचा म्हणानच इल्लंय, आये. बाबांवांगडा बसान खालीच काम करीन म्हटला."

"मग रव."

"कसो रवू? मी उजव्या हातान खिळो मारलंय तरी ते मेजाकडे बगतत. मग माझ्याकडे. मी हय रवलंय तर रोज उठान ते ह्याच बगतले." त्याने घागर तिच्या कमरेवर दिली. "मेज नसता तर रवलो असतंय गो."

नर्मदेने हे गुणाजीला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही.

बाबली निघाला त्या सकाळी गुणाजी मांगरात बसला नव्हता. अंगणात उभा होता, अंगात धुतलेला सदरा. बाबलीने आईला नमस्कार केला, बापाला केला, किंतानाची पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "जातंय हां, बाबा."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच कळला. "येतंय," तो लगेच म्हणाला. "येतंय, आये."

नर्मदा "ये हां" म्हणाली. गुणाजीनेही हात वर केला. बाबली वळणावर दिसेनासा झाला तरी तो हात बराच वेळ वरच होता.

त्यानंतर कुणी मुलाबद्दल विचारलं तर गुणाजी "येतंय म्हणान गेलो हा" असं म्हणेनासा झाला. "मुंबैक आसा," एवढंच म्हणायचा. मेज घ्यायला गिऱ्हाईक आलं, शिकंज्याला तर दोनदा आलं. त्याने दिलं नाही, आणि ठोकळा-शिकंजा दुसऱ्या टोकाला फिरवलेही नाहीत. पोटापुरतं काम तो पुन्हा जमिनीवर मांडी घालून, उजव्या हाताने करायला लागला, आणि हत्यारं पुन्हा भोवती पसरली. पुढच्या दसऱ्याला त्याने ती पाटावर मांडून पुजली. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, पण गाऱ्हाणं घातलं नाही. नर्मदा मागे "होय म्हाराजा" म्हणायला उभी होती, ती तशीच घरात आली.

मात्र दुपारची जेवणं झाली की तो मांगराचं दार ओढून घ्यायचा. आतून रंध्याचा आवाज यायचा, तोही अडखळत, दम घेत, नवशिक्याचा यावा तसा. नर्मदेने कित्येक दिवस तिकडे बघायचं टाळलं. एकदा ताक घेऊन गेली तेव्हा दार ढकललं. गुणाजी मेजापुढे उभा होता. रंधा डाव्या हातात. खिडकीतला उजेड उजवीकडून बरोबर त्याच्या रेघेवर पडत होता आणि रंधा रेघ सोडून भलतीकडे चालला होता. उजवा हात त्याने पाठीमागे धोतराच्या कासोट्यात खोचून ठेवला होता, चुकून मदतीला येऊ नये म्हणून.

तिने ताक चौकटीपाशी ठेवलं आणि दार पुन्हा लोटलं.

पावसाच्या तोंडावर त्याने तिच्यापुढे एक पाट आणून ठेवला. फणसाचाच. पट्ट्या खाचेत बसवलेल्या, पण खाच सैल, तिच्यात लाकडाच्या चिपा ठोकलेल्या. एक पट्टी दुसरीपेक्षा उंच. बाबलीचा पाट तिने भिंतीशी उभा केला आणि या नव्या पाटावर आडाळीपुढे बसली. नारळ खवायला लागली तशी पाटासकट डुलू लागली. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. गुणाजी उंबऱ्यात उभा राहून बघत होता. डाव्या हाताच्या बोटांना त्याने चिंधी गुंडाळलेली होती.

"डगमगता काय गो?"

नर्मदेने नारळाच्या सालीचं सोडण हळूच पायाने पट्टीखाली सरकवलं.

"नाय," ती म्हणाली, आणि खवत राहिली.